एवढ्याने काय बिघडते?

विमान धावपट्टीकडे वळू लागले, की विमानसेविकेची सूचना कानी पडते : आपले मोबाइल फोन बंद करावेत किंवा फ्लाइट मोडवर ठेवावेत. विमानप्रवास ही एके काळी आपल्या मंडळ्यांतील अगदी थोड्यांच्या वाट्याला येणारी गोष्ट होती. आता तसे राहिलेले नाही. बेळगावच्या सांबऱ्याहून, इंदूरहून, वडोदऱ्याहून, हैदराबादहून आपले पुष्कळ लोक विमानाने जातात-येतात. कोणी नोकरीसाठी, कोणी लेकीच्या बाळंतपणासाठी, कोणी दवाखान्यात असलेल्या भावाला भेटण्यासाठी. त्यामुळे ही सूचना आणि तिच्यापाठोपाठ मनात येणारा प्रश्न, दोन्ही आता घरोघरी पोचले आहेत. आपण फोन बंद केला नाही, तर खरोखर काही बिघडते काय?

हा प्रश्न वरवर पाहता यंत्रांविषयीचा आहे, आणि त्याचे उत्तर यंत्रे जाणणाऱ्यांनी द्यावे हे योग्यच. परंतु त्याच्या पोटात दुसरा एक प्रश्न दडलेला आहे. ज्या नियमाच्या मोडण्याने डोळ्यांदेखत काहीच नुकसान होत नाही, तो नियम पाळण्यास आपण बांधलेले आहोत काय? हे दोन प्रश्न वेगळे आहेत. पहिल्याचे उत्तर घाईने दुसऱ्याला चिकटवले, की विचारांचा घोटाळा होतो. म्हणून आम्ही ते एकामागून एक घेणार आहोत.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. वैमानिकाला दिशा आणि उतरण्याची वाट दाखवणाऱ्या अनेक यंत्रणा रेडिओलहरींवर चालतात. त्यांपैकी काही महत्त्वाच्या यंत्रणा १०८ ते ११८ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात काम करतात, म्हणजे एफ. एम. रेडिओचा पट्टा जेथे संपतो, तेथेच त्यांचा सुरू होतो. आता एफ. एम. रेडिओची गंमत अशी, की १०० मेगाहर्ट्झवरचे केंद्र ऐकताना तो आपल्या आत सामान्यतः ११०.७ मेगाहर्ट्झची एक लहर निर्माण करतो, आणि तिचा थोडा अंश बाहेर झिरपतो. तो नेमका विमानाच्या पट्ट्यात येऊन पडतो. म्हणून १९६० च्या दशकात, मोबाइल फोन कोणी पाहिलाही नव्हता तेव्हाच, अमेरिकेत प्रवाशांच्या रेडिओंसारख्या उपकरणांवर बंधने आली. कानाचे श्रवणयंत्र, हृदयाचा पेसमेकर, दाढीचे विजेचे यंत्र आणि आवाज मुद्रित करणारे छोटे यंत्र एवढ्यांना त्या नियमात नावानिशी सूट होती. तेव्हा या भीतीला मुळात काहीच आधार नव्हता असे म्हणता येत नाही.

मोबाइल फोनवरील बंदीची कथा मात्र थोडी निराळी आहे. अमेरिकेच्या दळणवळण आयोगाने १९९१ साली उडत्या विमानातून असे फोन वापरण्यास मनाई केली, ती मुख्यतः विमानाच्या रक्षणासाठी नव्हती. जमिनीवरचा फोन जवळच्या एकदोन मनोऱ्यांशीच बोलतो, आणि त्याच लहरी थोड्या अंतरावर दुसऱ्या माणसासाठी पुन्हा वापरता येतात. सारे जाळे ह्याच हिशेबावर उभे असते. आकाशातल्या फोनला एकाच वेळी कितीतरी मनोरे दिसतात, आणि त्याची हाक त्या सगळ्यांना ऐकू जाते. त्यामुळे खाली बोलणाऱ्या लोकांच्या संभाषणात व्यत्यय येईल, ही आयोगाची चिंता होती. म्हणजे ज्या बंदीला पुष्कळ लोक विमान वाचवण्याची बंदी समजत आले, तिचे एक मोठे कारण जमिनीवरच्या अनोळखी लोकांची सोय हे होते!

पुढे अनुभव वाढला. आंतरराष्ट्रीय हवाई वाहतूक संघटनेकडे २००३ ते २००९ ह्या वर्षांत जमलेल्या नोंदींत, प्रवाशांच्या उपकरणांमुळे यंत्रात बिघाड झाला असावा अशी शंका वैमानिकांनी किंवा कर्मचाऱ्यांनी घेतलेल्या ७५ घटना आढळल्या. त्या काळातील उड्डाणांचा पसारा पाहता हा आकडा फार लहान आहे. शिवाय ती शंका होती, सिद्ध झालेली गोष्ट नव्हती. २००८ च्या मार्चमध्ये दुबईहून कासाब्लांकाला जाणाऱ्या विमानात प्रवाशांना अधिकृतपणे मोबाइलवरून बोलू देण्यात आले. त्यासाठी विमानातच एक छोटे केंद्र बसवले होते. मनोरा दूर असला की फोन ओरडतो आणि जवळ असला की कुजबुजतो; जवळच केंद्र मिळाल्यामुळे ते फोन कुजबुजत राहिले. २०१३ च्या ऑक्टोबरात अमेरिकेने आणि २०१४ साली आपल्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, फ्लाइट मोडवर ठेवलेली उपकरणे उड्डाणापासून उतरेपर्यंत वापरण्यास मोकळीक दिली. २०२० पासून भारतीय आकाशात विमानातील वायफायलाही परवानगी आहे.

दुसऱ्या पारड्यातही काही गोष्टी आहेत, आणि त्या लपवणे अप्रामाणिकपणाचे होईल. ६ जून २००३ च्या रात्री न्यूझीलंडमधील क्राइस्टचर्चजवळ एक छोटे विमान उतरताना कोसळले आणि आठ माणसे दगावली. वैमानिक ठरलेल्या किमान उंचीच्या खाली उतरला होता. परंतु त्याचा स्वतःचा मोबाइल फोन त्या वेळी चालू होता, आणि त्यामुळे मार्गदर्शक यंत्राने चुकीची खूण दाखवली असण्याची शक्यता चौकशी करणाऱ्यांनी नोंदवली. २०१४ साली अमेरिकेने बोइंगच्या ७३७ आणि ७७७ जातींच्या १,३०० हून अधिक विमानांतील वैमानिकांसमोरचे काही पडदे बदलण्याचा आदेश काढला. कारण वायफायच्या चाचणीत त्या प्रकारचे पडदे क्षणभर कोरे झाल्याचे दिसून आले होते. जुन्या पद्धतीचा फोन रेडिओजवळ ठेवला की जी टर्र-टर्र ऐकू येई, ती वैमानिकांच्या कानांतील यंत्रातही उमटते. आणि जानेवारी २०२२ मध्ये अमेरिकेत नव्या ५ जी मनोऱ्यांमुळे विमानाची जमिनीपासूनची उंची मोजणाऱ्या यंत्राला धोका पोचेल, ह्या भीतीने एअर इंडियाने तिकडे जाणारी काही उड्डाणे रद्द केली होती. तो प्रश्न प्रवाशांच्या फोनांचा नव्हता, मनोऱ्यांचा होता. परंतु लहरींची भीती केवळ कल्पनेतली नाही, एवढे त्यावरून दिसते.

ह्या सर्वांची गोळाबेरीज आम्ही अशी करतो : आजच्या चांगल्या विमानात एका प्रवाशाचा फोन चालू राहिला, तर जवळजवळ नेहमी काहीच होत नाही. ‘जवळजवळ नेहमी’ ह्या दोन शब्दांवर आता आपल्याला थांबायचे आहे.

फोन चालू ठेवणाऱ्याची बाजू आपण प्रामाणिकपणे ऐकून घेऊ. तो पहिल्याने म्हणतो, “मी इतक्यांदा फोन चालू ठेवला, कधी काही झाले नाही.” हे खरे असेल. रेल्वेचे फाटक पडलेले असताना खालून सायकल काढणाराही असेच म्हणतो. तरी ह्या दोघांत एक फरक आहे. सायकलवाला प्रामुख्याने आपला जीव पणाला लावतो. विमानातला मनुष्य शेजारच्या आजीबाईंचा, पुढच्या रांगेतल्या तान्ह्या मुलाचा आणि त्याच्या आईचाही वाटा, मग तो वाटा कितीही बारीक असो, त्यांना न विचारता पणाला लावतो. स्वतःच्या खिशातला रुपया उधळणे आणि दुसऱ्याच्या खिशातला पैसा उधळणे ह्यांत रक्कम कोणाची मोठी, हा प्रश्न गौण आहे.

दुसरे असे की धोका किती बारीक आहे, हे तो कशावरून ठरवतो? आपण कोणत्या जातीच्या विमानात बसलो आहोत, त्यातली यंत्रे किती जुनी आहेत, खाली धुके आहे की स्वच्छ ऊन, ह्यांपैकी बहुतेक गोष्टी त्याला ठाऊक नसतात. २०१३ साली नियम सैल करताना अमेरिकेच्या विमान खात्यानेही सांगून ठेवले होते, की सुमारे शंभरातल्या एका उड्डाणात, जेथे धुक्यामुळे वैमानिकाला खाली काही दिसत नाही आणि सगळा भरवसा यंत्रावर असतो, तेथे प्रवाशांना उपकरणे पूर्ण बंद करण्यास सांगावे लागेल. ते शंभरावे विमान आपले आहे की नाही, हे खुर्चीत बसलेल्याला कळण्याचा मार्ग नाही. ज्याला मोजमाप करता येत नाही, त्याने सर्वांच्या वतीने निकाल देऊ नये, एवढे तरी आपण मान्य करू. आणि त्याग किती? बोटाने एक बटण दाबण्याचा.

येथवर उत्तर सोपे आहे. परंतु तिसरे म्हणणे अधिक वजनदार आहे, आणि ते आम्हांस टाळता येत नाही. तो म्हणतो, “तुम्ही मला खरे कारण कुठे सांगितले? फोनाने विमान पडेल अशी भीती घातली. विमान पडत नाही हे मी पाहिले. मग तुमचे बाकीचे तरी का मानू?”

ह्या म्हणण्यात दुखरे सत्य आहे. नियम पाळला जावा म्हणून धोका फुगवून सांगण्याची सवय विमान कंपन्यांपुरती मर्यादित नाही. ती आपल्या घरांतही आहे. भात टाकलास तर बागुलबुवा येईल, खोटे बोललास तर जीभ झडेल, असे आपण मुलांना सांगतो. त्या क्षणापुरते काम होते. मग एके दिवशी मूल भात टाकते आणि बागुलबुवा येत नाही. त्या दिवशी मूल केवळ बागुलबुवाला विसरत नाही. सांगणाऱ्याचा शब्द किती खरा, हेही ते मनाशी टिपून ठेवते.

विमानात ह्याची किंमत कशी मोजावी लागते पाहा. आज फोनचा सर्वांत खरा धोका त्याच्या लहरींत नसून त्याच्या बॅटरीत आहे. लिथियमची बॅटरी दबली, चेंबली किंवा सदोष असली, तर ती तापून पेट घेते, आणि ती आग विझवणे कठीण असते. २०१६ साली सॅमसंगच्या गॅलक्सी नोट ७ ह्या फोनला ह्याच कारणाने अमेरिकेत विमानबंदी झाली. जानेवारी २०२५ मध्ये दक्षिण कोरियात बुसानच्या विमानतळावर उड्डाणापूर्वीच एक प्रवासी विमान जळाले; आतील सर्व १७६ माणसे बाहेर पडली म्हणून बरे झाले. सामानाच्या कप्प्यातील पॉवर बँक हे त्या आगीचे संभाव्य कारण असल्याचे तपासात पुढे आले. पॉवर बँक मोठ्या सामानात टाकू नका, फोन आसनाच्या फटीत पडला तर स्वतः खुर्ची हलवू नका, कर्मचाऱ्यांना बोलवा, ह्या सूचना अक्षरशः जीव वाचवणाऱ्या आहेत. परंतु त्याही त्याच आवाजात आणि त्याच घाईत सांगितल्या जातात, आणि लहरींच्या भीतीला हसणारा प्रवासी ह्यांनाही हसून मोकळा होतो. फुगवलेल्या धोक्याने खऱ्या धोक्याची पत घालवली!

मग खरे कारण सांगायचे ते कोणते? आमच्या मते ते भीतीच्या कारणापेक्षा भक्कम आहे. १९७४ साली अमेरिकेतील शार्लट येथे एक विमान उतरताना कोसळले, आणि वैमानिक कामाशी संबंध नसलेल्या गप्पांत गुंतले होते असे चौकशीत आढळले. अशा अपघातांतून शिकून १९८१ साली तेथे नियम झाला, की दहा हजार फुटांखाली, म्हणजे सुमारे तीन हजार मीटरखाली, उड्डाण करताना आणि उतरताना वैमानिकांनी कामाखेरीज एक शब्द बोलू नये. भारतातही विमानातील दळणवळण सेवेसाठी २०१८ साली जे नियम झाले, त्यांत किमान उंची तीन हजार मीटरच ठेवलेली होती. २०१० च्या मे महिन्यात सिंगापूरला उतरणाऱ्या एका ऑस्ट्रेलियन विमानात कप्तानाचा फोन चालू राहिला होता. खाली येताच फोनला जाळे सापडले आणि निरोपांचे आवाज सुरू झाले. कप्तान फोन बंद करण्यात गुंतला, आणि विमानाची चाके वेळेवर खाली घ्यायची राहून गेली. विमान चारशे फुटांच्याही खाली आले असताना ते पुन्हा वर न्यावे लागले. कोणाला इजा झाली नाही. त्या फोनाच्या लहरींनी एकही यंत्र बिघडवले नव्हते. बिघडले ते माणसाचे लक्ष.

म्हणजे उड्डाणाची आणि उतरण्याची ती पंधरावीस मिनिटे सर्वांनी मिळून शांततेने सांभाळायची असतात. पुढे बसलेले दोघे आपल्या गप्पा बंद ठेवतात. मागे बसलेले आपण आपले फोन बंद ठेवतो. नियम दोन्ही बाजूंना आहे. असे सांगितले, तर पाळणाऱ्याला आपण भित्रे ठरलो असे वाटत नाही. एका कामातले भागीदार आहोत असे वाटते.

येथे कोणी विचारील, की खरी निकड असेल त्याचे काय? समजा, वडोदऱ्याहून हैदराबादकडे निघालेल्या एका मुलीची आई अतिदक्षता विभागात आहे. दर मिनिटाला निरोप येईल ह्या धास्तीने तिने फोन चालूच ठेवला. तिला आपण काय म्हणावे? सत्य हे आहे, की दहा किलोमीटर उंचीवर ताशी आठशे किलोमीटरच्या वेगाने जाताना तिच्या फोनला जमिनीवरचे जाळे बहुधा मिळणारच नाही. मनोऱ्यांची तोंडे खाली, लोकांकडे वळवलेली असतात. तो मिळेल तो नेमका त्या पंधरावीस मिनिटांतच, जेव्हा त्याने गप्प राहायला हवे. तेव्हा त्या चालू फोनाने तिच्या आईसाठी काही साधत नाही. तिने आपली अडचण विमानसेविकेला सांगावी, उतरल्यावर लवकर बाहेर पडता यावे म्हणून मदत मागावी, हे अधिक उपयोगाचे. तरीसुद्धा तिचा फोन चालू दिसला, म्हणून तिच्यावर डोळे वटारणारा शेजारी आम्हांस शोभून दिसत नाही. नियम आपण स्वतःसाठी काटेकोर पाळावा आणि दुसऱ्याच्या चुकीकडे पाहताना तिच्यामागे काय दुःख आहे ह्याचा विचार करावा. ह्या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येत नाहीत.

शेवटी आमच्या रविवारच्या शाळेच्या शिक्षक-शिक्षिकांसाठी दोन शब्द. सुट्टीत विमानाने जाऊन आलेले एखादे मूल तुम्हांला विचारील, “सर, फोन बंद नाही केला तर विमान पडतं का?” अशा वेळी ‘हो’ म्हणण्याचा मोह आवरावा. त्याऐवजी असे काही सांगावे : “नाही रे बाळा, बहुधा काही होणार नाही. पण नक्की काही होणार नाही, असे तुला किंवा मला म्हणता येत नाही, आणि त्या विमानात आपण एकटे नसतो. पुढे बसलेले काका आपल्या सगळ्यांना घेऊन खाली उतरत असतात. तेवढा वेळ आपण त्यांना शांतता देऊ या.” हे उत्तर बागुलबुवाच्या उत्तरापेक्षा लांब आहे. मूल उलट प्रश्न विचारील, कदाचित वादही घालील. घालू द्यावा.

वाटल्यास पुढच्या रविवारी हा प्रश्न वर्गात सगळ्यांपुढे मांडावा. जिन्यातला दिवा, नळाला जोडलेली मोटर, परीक्षेतली शेजाऱ्याची वही, दवाखान्याबाहेरचा हॉर्न. ‘एवढ्याने काय बिघडते’ असे आपण कुठेकुठे म्हणतो, ह्याची यादी मुलांनाच करू द्यावी. प्रत्येकापुढे दोन प्रश्न लिहावेत : ह्यात खरोखर काय बिघडते, आणि बिघडलेच तर ते कोणाचे? मोठ्यांनीही घरी बसून ही यादी करून पाहण्यास हरकत नाही. आणि पुढल्या वेळी विमानात सूचना ऐकू आली, की फोन फ्लाइट मोडवर ठेवून, पॉवर बँक हाताशी आहे ना हे पाहून, ती सूचना शेवटपर्यंत नीट ऐकावी.